रुपयावरची रेघ
चिंच कोळली की त्या आंबट वासाबरोबर मला शुक्रवार पेठेतल्या घरातली माझी पहिली दिवाळी आठवते. लक्ष्मीपूजनासाठी समई-निरांजनं घासताना मी देवघरातला चांदीचा जुना रुपयाही चिंचेनं खसाखसा घासला. सासूबाई तो दरवर्षी नुसता पाण्यात बुडवून कुंकू लावायच्या. इतक्या वर्षांचा थर निघाला आणि नाण्यावरच्या राजाच्या मुकुटापासून हनुवटीपर्यंत एक रेघ उघडी पडली. सासूबाईंचा चेहराच उतरला. "भंगला की गं! भंगलेलं देवात ठेवत न्हाईत, तळ्यात सोडाय पायजे." मी नवी सून, रडायच्या बेतात. दिवाळीला माहेरी आलेल्या आत्याबाईंना, म्हणजे सासऱ्यांच्या बहिणीला, जुनी नाणी जमवायचा लई नाद. त्यांनी रुपया उजेडात धरला. "वैनी, हितं नख फिरवा की. तडा असता तर नख आत अडकलं असतं. ही रेघ वर उठलीया. तडा गेलता टाकसाळीतल्या साच्याला, त्या भेगेत चांदी शिरली. रुपया अखंड हाय. आन् मागल्या बाजूला कमळाखाली ह्यो बारका ठिपका, ती मुंबईच्या टाकसाळीची खूण." सासूबाईंनी नख फिरवलं, परत फिरवलं. "म्हंजे जन्मखूणच की ही!" त्यांनी रुपयाला कुंकू लावलं आणि तेच बोट माझ्या कपाळाला टेकवलं. यंदा माझ्या नव्या सुनेनं तो रुपया घासता घासता एकदम हात थांबवला आणि घाबरून माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याशेजारी बसले आणि म्हटलं, "नख फिरवून बघ की."