तारप्याकडे पाठ

काल उमरोळीत भाचीच्या हळदीला डीजेवर कोळीगीत संपलं आणि तारपा वाजायला लागला. भोपळ्याच्या वाद्याचा तोच घुमणारा सूर, पण कीबोर्डातून काढलेला.

मला बोईसरच्या कारखान्यातला एक दसरा आठवला. मशीनची पूजा झाली होती, झेंडूच्या वासात तेलाचा वास मिसळला होता. आमच्या खात्यातले जानूकाका, जातीने वारली, मधोमध उभे राहून तारपा वाजवत होते. सालवडला राहणारा बिहारचा रामसेवक ढोलकीवर साथ देत होता. त्यांच्याभोवती हातात हात घालून आम्ही सगळ्यांनी फेर धरला होता. त्यात मीही, किनाऱ्यावरची कोळीण. इतक्यात साहेबांनी फोटोसाठी हाक मारली आणि आम्ही हसत तिकडे वळलो. तारपा थांबला.

"क्या हुआ, काका?" रामसेवकने विचारलं.

"तारप्याला पाठ करायची नाय," एवढंच म्हणून त्यांनी तो गोणपाटात गुंडाळून ठेवला. काका उगाच रुसले, असं मला तेव्हा वाटलं होतं.

काल मीही फेरात शिरले, पण तोंड कुठे करायचं तेच कळेना. मग मुद्दाम स्पीकरकडे पाठ केली.

तो वाजतच राहिला.