आईच्या साक्षीचं भाषांतर

माझं इंग्रजी चांगलं होतं आणि त्याचा मला गर्व होता. दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेली मुलगी एवढं फाडफाड इंग्रजी कसं बोलते, याचं आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, सगळ्यांना कौतुक. सरकारी कचेऱ्यांत नाहीतर फौजेत नोकरीला आलेली आम्ही नगरकडची ख्रिस्ती माणसं. दुसऱ्यांच्या चर्चमध्ये, त्यांची उपासना आटोपल्यावर, दुपारी जमायचो. बाहेरचा पाळक उपदेशाला आला की भाषांतराला मला उभं करत. तो एक वाक्य बोलून थांबायचा, मी ते मराठीत सांगायची. लोक बघायचे माझ्याकडे, मान डोलवायचेही माझ्याकडे बघून. त्याची चटक लागते.

भाऊ फौजेत होता. सरहद्दीवर गस्तीला गेला तो परत आला नाही. सोबतचे दोघं आले. पलटणीच्या पत्रात 'बेपत्ता' असं लिहिलं होतं. आईच्या लेखी त्याचा अर्थ एकच: पोरगा जिवंत आहे, पलीकडच्या कुठल्या तरी तुरुंगात बसलाय. पेन्शनच्या कागदांवर तिनं सही केली नाही. "सही केली की आपणच त्याला मारल्यासारखं होईल," म्हणाली आणि कागद गादीखाली सारले. वडील आधीच गेले होते, सरकारी क्वार्टर सोडावं लागलं होतं. आम्ही दोघी मुनिरक्यात एका खोलीत राहायला आलो. वर-खाली सगळे विद्यार्थी. आई जिन्यात कुणाचीही पावलं वाजली की दार उघडून बघायची.

अशात शांती निधी निघाला. दिल्लीतल्या बऱ्याच मंडळ्यांनी मिळून ठरवलं होतं की इथली आठ-दहा माणसं सरहद्दीपलीकडच्या मंडळ्यांना भेटायला पाठवायची, त्यांच्याबरोबर शांतीसाठी प्रार्थना करायची. त्या प्रवासासाठी दर रविवारी कुठल्या ना कुठल्या चर्चमध्ये दान गोळा व्हायचं. एका जवानाच्या आईनं साक्ष द्यावी, म्हणजे उभं राहून आपला अनुभव सांगावा, असं निधीच्या समितीला वाटलं. आई लगेच तयार झाली. मला आश्चर्य वाटलं, कारण चारचौघांत ती कधी तोंड उघडत नसे.

"अगं, शांती झाली की कैदी सोडतात," ती म्हणाली. "आणि ही माणसं तिकडे जाणारच आहेत ना? फोटो घेऊन जातील."

मुनिरक्यातल्या स्टुडिओत जाऊन तिनं त्याच्या फोटोच्या डझनभर प्रती काढून आणल्या. मागे त्याचं नाव आणि नंबर माझ्याकडून लिहून घेतला.

पहिली साक्ष गुडगावला. तेव्हाचं गुडगाव म्हणजे अर्धवट बांधलेल्या इमारती, धूळ, आणि मधूनच मोहरीचं एखादं शेत. तिथल्या एका शाळेच्या हॉलमध्ये नवी मंडळी जमायची. नव्या कंपन्यांतली माणसं, सगळं इंग्रजीत, बायकांच्या अंगाला महागड्या अत्तरांचा वास. शांती समितीचे प्रमुख तिथलेच. माझी नोकरीही त्यांच्याच कंपनीत, त्यांनीच लावलेली. खोलीचं भाडं त्या पगारातून जायचं.

हॉलच्या पायऱ्यांवर त्यांनी मला बाजूला घेतलं. "बेटा, साक्ष छोटी रखना. और देखो, कैदी, जेल, ये सब मत लाना. ऊपर बात गई तो वीज़ा अटक जाएगा."

"जी सर," मी म्हणाले. किती पटकन म्हणाले!

आई माईकसमोर उभी राहिली. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, हातात फोटो. "माझा मुलगा हरवलाय," ती म्हणाली आणि शिकवल्याप्रमाणे थांबली. "तो मेलेला नाही. तुम्ही पलीकडे जाल तेव्हा हा फोटो घेऊन जा. तिकडच्या बायकांना दाखवा. त्यांच्यातल्या कुणी तरी त्याला पाहिलं असेल."

मी इंग्रजीत सांगितलं: माझ्या आईनं आपला मुलगा देशाला दिला. पलीकडच्या आयांसाठी ती प्रार्थना करते. ज्यांनी तिचा मुलगा नेला, त्यांना तिनं माफ केलं आहे.

साहेबांनी फक्त गाळायला सांगितलं होतं. माफी मी माझ्या पदरची घातली. का घातली, ते आजही मला नीट सांगता येत नाही. हॉल शांत झाला होता, सगळे माझ्याकडे बघत होते आणि ते वाक्य तिथं शोभत होतं. बायका रडायला लागल्या. दानाची पेटी फिरली आणि परत आली तेव्हा तिचं झाकण लागेना.

परतीच्या बसमध्ये आईचा चेहरा उजळला होता. "बघितलंस? कशा रडल्या! त्यांना पोचलं गं."



मग रविवारमागून रविवार असंच. नोएडा, मयूर विहार, पुन्हा गुडगाव. आई तेच बोलायची, मीही माझं तेच बोलायची, आणि प्रत्येक खेपेला माझं इंग्रजी आणखी गोड होत गेलं. साक्ष झाली की आई दारात फोटो धरून उभी राहायची. लोक तिचे दोन्ही हात हातात घ्यायचे, "गॉड ब्लेस यू" म्हणायचे आणि फोटोकडे बघून पुढे जायचे. जाणाऱ्या माणसांसाठी तिनं फोटोंचा गठ्ठा माझ्याकडे दिला होता. "साहेबांना दे. विसरू नकोस." तो ऑफिसातल्या माझ्या टेबलाच्या खणात, कार्बन पेपरच्या खाली पडून होता. रोज ठरवायची, आज देईन. साहेब समोरून जायचे आणि मी टाइप करत राहायची. भित्री होते मी, दुसरं काही नाही.

माणसं पलीकडे गेली आणि दहा दिवसांनी परत आली. गुडगावच्या हॉलमध्ये त्यांच्यासाठी उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची, सभा होती. आईनं आदल्या दिवशी शंकरपाळे तळले होते. सभा संपल्यावर जाऊन आलेल्या एका बाईंना तिनं गाठलं आणि डबा पुढे केला. मला वाटलं, ती आपली माझ्याकडे वळेल, नेहमीसारखी. पण आईला धीर नव्हता. ती सरळ तिच्या मोडक्या हिंदीत बोलली.

"बहनजी, मेरे लडके का फोटो दिखाया क्या? कोई कुछ बोला?"

बाई गोंधळल्या. "कौन सा फोटो, आंटी?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे पाहिलं.

ती माझ्यापुढे चालत बस स्टॉपवर आली. तिथं उन्हात उभी राहून म्हणाली, "मग इतके दिवस मी काय म्हणत होते?"

तिचीच साक्ष मी तिला मराठीत सांगितली. पहिल्यांदाच सांगितली. शेवटच्या वाक्याला तिनं मला थांबवलं.

"माफ केलं?"

"हो."

"कुणाला?"

बस आली. आम्ही चढलो, वेगवेगळ्या सीटवर बसलो.

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी खणातले फोटो आणून तिच्या उशाशी ठेवले, तरी नाही. नवव्या दिवशी तिनं एक वही माझ्यासमोर टाकली. "माझी साक्ष इंग्रजीत सांग. मी लिहिते. खरं सांग." मी सांगितलं, तिनं ते मराठी अक्षरांत उतरवून घेतलं. कणीक मळताना, कपडे वाळत घालताना ती वाक्यं घोकायची. मी चूक दुरुस्त करायला गेले तर माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही, शेजारच्या विद्यार्थ्याला विचारून खात्री करून घ्यायची. बरोबरच होतं तिचं.

पण त्या उन्हाळ्यात वर डोंगरांत लढाई पेटली. पलीकडे जाणं-येणं बंद झालं, शांती निधीही गुंडाळला. गुडगावची तीच मंडळी तीच पेटी आता जवानांच्या कुटुंबांसाठी फिरवायला लागली. कुणी बोलावलेलं नसताना आई एका रविवारी तिथं गेली. मी मागोमाग गेले आणि तिच्या शेजारी बसले. तोंड उघडायचं नाही, असं तिनं मला बसमध्येच बजावलं होतं.

गीत संपल्याबरोबर ती जागेवरच उभी राहिली आणि फोटो वर धरला.

"माय सन इज मिसिंग. ही इज नॉट डेड. प्लीज टेक धिस फोटो."

एकही चूक नाही. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मग पुढे कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं आणि बघता बघता सगळा हॉल उभा राहिला. पुढच्या रांगेतली एक बाई रडत रडत आली आणि आईला मिठी मारून गेली. साहेबांनी डोळे पुसले. पेटी फिरायला लागली. आईचा हात तसाच पुढे होता, फोटो हातातच होता, कुणी घेतला नव्हता. टाळ्या थांबेनात.

मी तोंड उघडलं नव्हतं, तरी ती माझ्याकडे वळली.

"आता काय सांगितलंस त्यांना?"