दारावरची पाचवी टकटक

आमच्या नोलनला आजवर चार वेळा कामावरून काढलं, आणि चारही वेळा एकाच पद्धतीनं. ऑगस्ट संपता संपता, भल्या सकाळी, सराव शिबिरात खोलीच्या दारावर टकटक होते. दारात एक माणूस उभा असतो. तो म्हणतो, "कोच बोलावतायत. डावांची वही घेऊन ये." वही मागितली की संपलं. पहिल्या दिवशी दिलेली ती वही परत गेली की तो खेळाडू त्या संघाचा राहिला नाही. हल्ली वहीच्या जागी टॅबलेट असतो, पण टकटक तीच.

नोलन माझा नातू. त्याची आई, माझी मार्लीन, हॉस्पिटलात दोन-दोन पाळ्या करायची, म्हणून तो माझ्याच स्वयंपाकघरात वाढला. धंदा क्वार्टरबॅकचा. आमच्याकडच्या फुटबॉलात क्वार्टरबॅक म्हणजे तो लांबोडका चेंडू आधी ज्याच्या हातात येतो तो. चेंडू कुणाकडे फेकायचा हे त्यानं ठरवायचं, आणि तेवढ्यात रेड्यासारखी चार-पाच माणसं त्याला आडवा करायला धावत येतात. गावातल्या बाकी सगळ्यांना चेंडू दिसतो. मला रेडे दिसतात.

शाळेत असताना त्यानं राज्याची ढाल आणली. न्हाव्यानं त्याचा फोटो दुकानाच्या काचेत लावला, तो अजून आहे, उन्हानं निळा पडलाय. मग ओहायोतलं एक लहानसं कॉलेज. कॉलेज संपल्यावर मोठे संघ पोरं निवडतात, त्यात ह्याचं नाव कुणी घेतलं नाही, पण दुसऱ्या दिवशी एका संघाचा फोन आला, येऊन तर बघ म्हणून. गल्लीत गाड्यांचे भोंगे वाजले. पाच आठवड्यांत टकटक झाली आणि पोरगं घरी. त्या हिवाळ्यात तो लोकांच्या छपरांना पत्रे ठोकत होता.

दुसऱ्या संघानं त्याला वर्षभर ठेवला. खेळवला नाही, टोपी घालून, पुठ्ठ्याची पाटी धरून कडेला उभा केला. टीव्हीवर दोन सेकंद दिसला की शेजारची वांडा कुंपणावरून ओरडायची, "आयरीन, दाखवला गं, दाखवला! केस कापायला झालेत!" माझ्या मते नोलनच्या आयुष्यातलं ते सर्वांत उत्तम वर्ष. पगार वेळेवर आणि अंगाला धक्का नाही. पुढच्या ऑगस्टला टकटक. मग एक वर्ष कॅनडात थंडी खाल्ली. मग तिसरा संघ. तिथं पहिल्या नंबरच्या क्वार्टरबॅकचा घोटा मुरगळला आणि आमचा नोलन मैदानात उतरला. एक सामना जिंकला. गावात त्या रविवारी दोघांनी आपल्या नव्या कुत्र्याचं नाव नोलन ठेवलं. पुढच्या सामन्यात डोक्यावर असा आदळला, की तासाभरात चार वेळा स्कोअर विचारला आणि एकदा बायकोला, "तुम्ही कोण?" केसी बिचारी हसली. बाथरूममध्ये जाऊन काय केलं ते तिचं तिलाच ठाऊक.

चौथ्या संघात पुन्हा तेच, डोकं. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा आपटलं तर पुढचं मी सांगू शकत नाही.

एवढं होऊनही एकतिसाव्या वर्षी हा पाचव्या शिबिराला निघाला. मी विचारलं, "अरे, अजून काय राहिलंय?"

"आजी, मी सोडणार नाही. त्यांनी काढलं तर गोष्ट वेगळी."

"म्हणजे बसमधून ढकलून दिल्याशिवाय उतरायचं नाही, असंच ना?"

"असंच," म्हणाला आणि उरलेला केक डब्यात भरून घेऊन गेला.

त्याच महिन्यात आमच्या शाळेच्या कोचचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि जागा रिकामी झाली. शाळेच्या मंडळाला नोलनच हवा होता, पण मंगळवारी संध्याकाळी सातच्या सभेत तो हजर असेल तरच. नाहीतर दुसरा बघायचा. आणि शिबिरातून काढायचा दिवसही नेमका तोच मंगळवार. त्यानं केसीला शब्द दिला: काढलं तर शाळा, ठेवलं तर आणखी एक वर्ष. केसीनंही त्याला शब्द दिला, की ठेवलं तर ती कुरकुर करणार नाही.

त्या रविवारी चर्चमध्ये सगळं गाव नोलनला ठेवावं म्हणून मेणबत्त्या लावत होतं. मीही लावली. मी मागत होते, तो काढला जावा आणि स्वतःच्या पायांनी, आपल्या दोन्ही लेकींची नावं डोक्यात शाबूत असताना घरी यावा. एका मेणबत्तीच्या जोरावर तीनशेंच्या विरुद्ध.

मंगळवारी दुपारी मी ओट्याशी कोबीच्या पानांत भात-खिम्याचं सारण गुंडाळत होते. दोन वाजता गाडी थांबली. नोलन बॅग घेऊन आत आला.

"जेवायला काय आहे?"

"काढलं?"

"काढलं."

शिबिराच्या दिवसांत केसी माझ्याकडेच राहायची; ती जिन्याच्या पायरीवरच बसली. तो म्हणाला, "रडतेस कशाला?"

"रडत नाहीये. हसतेय. ते असंच बाहेर येतंय."

मी पोराला खाली वाकवून त्याच्या कपाळाचा मुका घेतला. माझा जीव भांड्यात पडला. जेवताना त्यानं सांगितलं. सहाला टकटक झाली. ह्याची बॅग भरलेलीच होती. "तो म्हातारा नुसता 'नोलन, कोच' एवढंच म्हणाला. मी टॅबलेट त्याच्या हातात कोंबला. म्हटलं, काका, माहितेय, कष्ट घेऊ नका, ही पाचवी वेळ आहे. आणि निघालो."

"कोचला भेटलास तरी?"

"कशाला? 'तू फार चांगला मुलगा आहेस' एवढंच ऐकायला? चार वेळा ऐकलंय की."

मग सकाळपासून बंद ठेवलेला फोन तसाच खिशात टाकून तो वर जाऊन झोपला. केसी अंगणात कपडे वाळत घालायला गेली.

पाच वाजून पाच मिनिटांनी भिंतीवरचा फोन वाजला. नोलन प्रत्येक संघाच्या कागदावर घरचा नंबर म्हणून सवयीनं माझाच लिहितो.

"युरिकांचं घर ना? नोलन आहे का? मी त्याचा कोच."

"मी त्याची आजी. तो झोपलाय."

"झोपलाय? बाई, सकाळपासून त्याचा फोन लागत नाही. आमच्या माणसाच्या हातात टॅबलेट देऊन गाडी काढून गेला, काय प्रकार आहे हा?"

"तुम्ही काढलंत ना त्याला?"

"कुणी काढलं? ठेवलाय हे सांगायला बोलावत होतो! काल आमच्या पहिल्या नंबरच्या क्वार्टरबॅकचा खांदा निखळला. पहिल्या सामन्यात सुरुवातीपासून नोलनच खेळणार आहे. त्याला म्हणावं, आठच्या आत मला फोन कर."

"सांगते," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

सुरुवातीपासून. नऊ वर्षांत हे त्याला कुणी म्हटलं नव्हतं. मी पुन्हा ओट्याशी गेले. अकरा पानं गुंडाळली. मनात म्हटलं, सातला सभा, साडेसातला कागदावर सही होईल, मग सांगू. विसरले म्हणायचं. ह्या वयात विसरलं तर कोण बोलतंय? खिडकीतून केसी दिसत होती, तोंडात कपड्यांचे चिमटे धरून काहीतरी गुणगुणत होती. बाराव्या पानात सारण भरायचंच राहिलं, नुसतंच गुंडाळलं. चार जणांनी त्याला न विचारता काढलं होतं. पाचवी मी ठरले असते, आणि ते त्याला कधी कळलंही नसतं. हात पुसले आणि जिना चढले. घड्याळात सहाला वीस कमी होते.

त्याला उठवून सगळं सांगितलं. तो पलंगावर उठून बसला.

"म्हणजे मला ठेवलं होतं, आणि मीच..."

"हो, गाढवा. तूच."

केसी रिकामी टोपली घेऊन दारात उभी होती. तिनंही ऐकलं. चेहरा पांढरा पडला, पण म्हणाली, "जायचं तर जा. मी शब्द दिलाय. कुरकुर करणार नाही."

नोलननं पायातले मोजे वर ओढले आणि म्हणाला, "येताना पेट्रोल पंपावर थांबलो, सँडविच खाल्लं आणि गाडीतच तासभर झोपलो. स्वप्नात एकसुद्धा डाव नाही. काढलं म्हणून वाईट वाटायला हवं होतं ना? मी तिथून इथपर्यंत रेडिओबरोबर गात आलो, केसी."

"मग फोन का बंद ठेवलास?"

"कुणीतरी 'चूक झाली, परत ये' म्हणेल ह्या भीतीनं."

खाली येऊन त्यानं कोचला फोन लावला. आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून काहीतरी करत असल्यासारखं करत होतो.

"नाही, कोच. नाही... हो, गैरसमज माझाच... नाही, पैशाचं नाही. डोक्याचं आहे... हो, बायकोला माहितेय. इथंच उभी आहे, ओली भांडी पुन्हा धुतेय... शाळेत, पोरांना शिकवीन... त्याचा खांदा कसा आहे?... थँक्यू, कोच. तुम्हीपण फार चांगले आहात."

फोन ठेवला आणि म्हणाला, "माझा इस्त्रीचा शर्ट कुठाय?" केसीच्या हातातली बशी सुटली. बशी माझ्या लग्नातली होती. फुटली तर फुटली.

सभा शाळेच्या जेवणघरात झाली. जिमचं छप्पर गळतं त्यावर चाळीस मिनिटं भांडण, नोलनवर चार. सगळे हात वर. वांडा बाहेर पडताना मला म्हणाली, "आम्ही नऊ वर्षं मेणबत्त्या लावल्या, त्याचं हेच का फळ?"

"वांडा, तुझ्या पोराचं डोकं असतं म्हणजे कळलं असतं."

"ते खरं," ती म्हणाली. "माझ्या पोराला डोकं असतं तर बरंच झालं असतं."

त्या अकरा पानांचं मात्र मनाला लागून राहिलं. शनिवारी चर्चमध्ये पापाची कबुली द्यायला गेले. फादर मित्रो वयानं माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, आणि शाळेत असताना फुटबॉल खेळलेले. सगळं सांगितलं, पस्तीस मिनिटं गप्प राहिले तेही. जाळीपलीकडून फादरनी विचारलं,

"आयरीनबाई, तो दुसरा पोरगा. कोणता खांदा निखळला त्याचा?"

"उजवा म्हणे."

"अरेरे, फेकायचाच हात." फादरनी सुस्कारा सोडला. "त्याच्यासाठी रोज एक प्रार्थना म्हणा. हंगाम संपेपर्यंत."

मी दोन म्हणते. नोलन आता मैदानाच्या कडेला उभा राहून दुसऱ्यांच्या पोरांवर ओरडतो, आणि त्या पोरांच्या आज्या माझ्या शेजारी बसून जीव मुठीत धरतात. मी त्यांना कॉफी देते.