वरचं लिंपण

आमी दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते नागलीची कणगी बंद करायचं. पावसाळा जवळ आलेला. ओल शिरली की दाणा कुजतो. बांबूची कणगी आधीच लिंपून सुकवलेली. बुडाजवळचं दाणा काढायचं भोक मी चिंधीचा बोळा कोंबून, वर शेणमाती थापून बुजवलं. ती ओंडक्यावर उभी राहून वरचं टोपण लिंपत होती.

"अवो, शेण किती पातळ केलंत! अंगण सारवायचंय का?"

"हात चालव गो, तोंड नको."

लग्न नवीन होतं तेव्हाची गोष्ट. नागलीचा दाणा रेतीसारखा बारीक, बोळा काढला की सरसर यायला पायजे. पण थोडी यायची आणि थांबायची. मी काठी घालून खालून कोचत बसलो. ती हसली. म्हणाली, "वर टोपण घट्ट बसलंय. दाणा बाहेर येल, पण त्याच्या जागी आत वारा नको जायला? पाण्याचा भोपळा उपडा करून बघा, कसा गटक गटक थांबतो." तिनं टोपण जरासं उचललं. धार लागली. तेव्हापासून नागली काढताना ती वर, मी खाली.

लिंपून झालं आणि दुपारी गोवऱ्या काढताना तिला साप चावला. गाडी जुंपून शहापूरच्या दवाखान्याला निघालो. किन्हवलीच्या अलीकडंच ती गेली. तिथूनच बैल परत फिरवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. आमची चूल पेटायची नव्हती. शेजारीण म्हणाली, "दादा, भाकऱ्या मी माझ्याकडं करते. पण पीठ नाय. नागली काढा." लढाईचे दिवस, कुणाकडंच जादा दाणा नव्हता.

मी बोळा काढला. मूठभर आली, थांबली.

धाकटा भाऊ ओंडक्यावर चढला. "दादा, टोपण फोडतो."

मी उठून बघितलं. लिंपण सुकलं होतं. तिची बोटं जशीच्या तशी उमटलेली, कडेला अंगठा.

"हात लावशील तर हात मोडीन."

"वारा कोंडलाय, नागली येणार कधी? माणसं उपाशी आहेत."

"येल. उतर खाली."

मी खाली बसलो, भोकापाशी हात धरला. दाणा थांबला की बोटांना वारा लागायचा, आत जाणारा. आत गेला की परत मूठभर नागली. परत थांबायची. काठी घातली नाय. शेजारीण जातं धुऊनपुसून वाट बघत बसली. ऊन ओटीवर आलं तेव्हा टोपली भरली. शेजारणीच्या हातात दिली, आणि बोळा परत घट्ट बसवला.