ओल्या लादीवरचा पाय

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आमच्या ह्यांच्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढ्या भागावरून मी पटकन पुढे सरकते. तुम्हाला का सांगतेय? कारण — राहू दे. कारण सांगायला लागले की मी लगेच स्वतःची बाजू घेईन. मला मी चांगली ओळखते.

आधी अनुसयाबाईंबद्दल सांगते. त्या रोह्याच्या. टाइल्स बसवायची कामं घ्यायच्या — आम्ही त्याला लादीच म्हणतो. घमेली वाहणाऱ्या नव्हेत हं! स्वतःच मिस्त्री, स्वतःच ठेकेदार. नवरा गवंडी, त्याच्या हाताखाली सिमेंटचा माल कालवता कालवता शिकल्या, आणि त्याची कंबर गेली तेव्हा थापी यांनी उचलली. मामाच्या घरी, रोह्याला, त्यांनी बसवलेलं स्वयंपाकघर पाहिलं आणि मी वेडीच झाले. एवढं नेटकं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आमचा पेणला घरचाच गणपतीचा कारखाना. मागच्या खोलीत मूर्ती रंगवायच्या, आणि तिथली शहाबादी फरशी उखडून ओल वर येऊ लागलेली. चकचकीत लादी तेव्हा आमच्याकडे नवीनच निघाली होती. ती बसवायची ठरलं तसं घरातले सगळे पनवेलच्या कुणा ठेकेदाराचं नाव घ्यायला लागले. मी हट्टाला पेटले. बाईमाणूस म्हणून काय झालं? मी आखलेले गणपतीचे डोळे चालतात, मग तिने बसवलेली लादी का नाही चालणार? बोलले खरी तोऱ्यात. थोरले भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, गडबला नवं घर बांधत होते. ते म्हणाले, इथलं काम बघतो, नीट झालं तर माझं आख्खं घर त्या बाईलाच देतो.

आख्खं घर! तोवर अनुसयाबाईंना कुठे मोरी, कुठे ओटा, असंच तुकड्यातुकड्याचं काम मिळत होतं. मी हे त्यांना सांगितलं. त्यांनी पदर घट्ट खोचला आणि माल कालवायला बसल्या.

तोंडाचा पट्टा मात्र अखंड चालू! स्वतःचं कौतुक स्वतःच करायच्या, आणि तेही असं की ऐकत राहावं. लादी बसवली की थापीच्या मुठीने ठोकायच्या, कान लावायच्या, मला हाक मारायच्या. "ऐकलंस गो? भरीव बोलते. माज्या लादीवर गोटी ठेव, ठेवशील तिथंच बसंल." मी खरोखरच गोटी ठेवून पाहिली. जागची हलली नाही.

काम संपलं तेव्हा दुपार कलायला लागली होती. दाराला आडवा दोरा बांधून, रोह्याच्या गाडीसाठी निघता निघता त्यांनी बजावलं, "परवापर्यंत कोनी पाय ठेवायचा नाय. मानूस नाय, मांजर पन नाय."

इथवर आले की मी दरवेळी थांबते. आताही थांबावंसं वाटतंय.

घरात त्या वेळी कुणी नव्हतं. मी त्या दारात उभी — किती वेळ, कोण जाणे. खोली अशी काही उजळली होती! आणि मला बघायचं होतं की आमची मोठी मूर्ती तिथे कशी दिसेल. बस्स, एवढंच. पाऊस आला नव्हता, मूर्ती भिजत नव्हती, काहीसुद्धा अडलं नव्हतं. मी दोऱ्याखालून वाकले, मूर्ती पाटासकट आत ओढली, खोलीच्या मधोमध ठेवली आणि बघत बसले. सुंदर दिसली. खोटं कशाला सांगू?

बाहेर काढताना पायाखाली काहीतरी दबल्यासारखं झालं. एका लादीचा कोपरा खाली गेला होता, शेजारची कड वर आली होती. मी फडक्याने पावलं पुसली. दोरा होता तसाच होता.

दुसऱ्या दिवशी भाऊजी दारातून बघायला आले, त्यांना ती कड लगेच दिसली. हसले. म्हणाले, शेवटी बाईचं काम! आमचे हे माझ्याकडे बघू लागले. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? मला वेडी म्हणाले असते, चार दिवस चिडवलं असतं. एवढ्याला मी भ्याले. एवढ्याशाला!

निरोप गेला तशा अनुसयाबाई आल्या. गुडघ्यावर बसून त्यांनी ती लादी ठोकली, पुन्हा ठोकली. मग मान वर करून मला विचारलं, "कोन चाललं का गो हिच्यावरनं?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. हेच मला सोसत नाही. भांडल्या असत्या, खोटारडी म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या लादीकडे बघत म्हणाल्या, "मंग माजाच माल पातळ झाला आसंल." आणि दोन्ही लाद्या उखडून पुन्हा बसवल्या, पहिल्यापेक्षा सुरेख. ठोकलं, कान लावला, पण मला हाक मारली नाही.

गडबचं घर पनवेलच्या ठेकेदाराकडे गेलं. कारखान्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला आमचे हे ती गोष्ट हसत हसत सांगायचे, आणि पेणमध्ये अनुसयाबाईंना पुन्हा काम मिळालं नाही.

पण ती बाई खचणारी नव्हती. पुष्कळ वर्षांनी मामाकडे गेले तर शेजारच्या नव्या घरात त्या दिसल्या. हाताखाली चार बाया, आणि आख्खं घर त्यांच्याकडे! मला बघून केवढ्या खूश झाल्या. चहा मागवला, मला पोत्यावर बसवलं आणि त्या बायांना म्हणाल्या, "हिच्याच घरी माजी चूक झालती. माल पातळ झाला, लादी बसली. तवापास्नं माल मी सोता बघते. चूक झाली तर सांगायची गो, लपवायची नाय. व्हय ना गो?"

सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली. चहा प्यायले.

नवीन येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या ही गोष्ट सांगतात, असं मामी म्हणते. अजून काम करतात. रोहा काही लांब नाही, गाडी रोज जाते, आणि मी गेलेले नाही. मागच्या खोलीतली लादी आजही तशीच आहे. गोटी ठेवली तर हलत नाही.

माल पातळ नव्हता. पाय माझा होता.