डावं इंजिन

पक्षाघातापासून माझा डावा पाय ऐकत नाही. आज सकाळी व्यायाम करताना तो उचलेना, म्हणून चिडून मांडीवर बुक्की मारली; आणि एकाएकी विमानाच्या पेट्रोलचा तो जुना वास आठवला.

तरुणपणी एकदा हैदराबादेहून उडून आम्ही बीदरच्या लाल मातीच्या वर, आकाशात आलो होतो. वैमानिकाचं लायसन्स आणि दोन इंजिनांचं विमान चालवायची परवानगी, दोन्हींची परीक्षा त्या एकाच उड्डाणात होती. शेजारच्या परीक्षकांनी न सांगता डाव्या इंजिनाचा जोर काढून घेतला. विमान डावीकडं वळायला लागलं. उजव्या पायानं पेडल दाबून मी ते सरळ धरलं, पण तोंडातून चुचकारल्याचा आवाज निघून गेला. आमच्या चिंताकी गावच्या शेतात जोडीतला डावा बैल रेंगाळला की मी असंच करायचो.

आता नापास, असं वाटलं. पण परीक्षक उदगीरकडचे, आमच्याच मुलखातले. समोर बघतच म्हणाले, "डाव्यानं अंग टाकलं व्हय? उजव्याला सांभाळ मग."

पास होऊन घरी गेलो आणि वडलांना, अप्पांना, सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "थकलं असंल ते. त्याला मारलं न्हाईस नव्हं?"

तेव्हा मला हसू आलं होतं. आज मूठ उघडली, मांडीवरून हात फिरवला आणि पायाला हळूच चुचकारलं.