तीन भाकरी होस्तोवर

अंडं उकडायला असं काय लागतं, म्हणून नातसुना हसतात. मला हसू येत नाही. कळमनुरीच्या आमच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, आणि त्याच घरात मला अंडं उकडायला शिकावं लागलं.

मालकांना क्षय झाला होता. हिंगोलीच्या डॉक्टरनं बजावलं, दूध आणि पुरतं उकडलेलं अंडं रोज पोटात गेलं पाहिजे, नाहीतर माणूस हाती लागणार नाही. सासूबाई घरी येऊन म्हणाल्या, "लेकरू वाचंल तर दे बाई. पन माझ्या चुलीवर न्हाई. आन् हात लावायचा न्हाई."

मग गोठ्यामागं तीन दगड मांडले, त्यावर एक जुनं गाडगं. शेजारी पिंजाऱ्याचं घर होतं. तिथल्या म्हातारीला आम्ही खाला म्हणायचो. तिच्या कोंबड्यांची अंडी ती पळसाच्या द्रोणात घालून भिंतीवरून द्यायची. मी पाण्याला खळखळ उकळी आणायची आणि द्रोण उपडा करून अंडं वरूनच सोडायची. ते टचकन तडकायचं. पांढरं बाहेर येऊन नुसता फेस व्हायचा. उरलंसुरलं वाटीत घालून नेलं की मालकांना ओकारी यायची. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता आणि मी रोज त्याचं औषध गाडग्यात सांडत होते.

शेवटी खालाला विचारलं, "काहून फुटून राहिलं वो रोज?"

तिनं भिंतीवरून माझी कसरत पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अगं बेटी, लेकराला न्हाऊ घालताना वरून फेकतीस का? थंड्या पाण्यात हातानं ठेव, मंग जाळ लाव."

मी तिला प्रश्नांनी भंडावून सोडलं. शिजलं हे कळायचं कसं? दूध उतू जातं, डाळ बोटानं चेपता येते. हे तर मुकं. "उकळी आली की तीन भाकरी होस्तोवर ठेव," ती म्हणाली. साल पांढऱ्यासकट निघते ती काहून? "आजचं अंडं आजच उकडतीस म्हून. दोन-चार रोज राहू दे."

मी हात लावला. दर खेपेला डोक्यावरून अंघोळ करायची, पण अंडं अखंड निघायला लागलं. मालक खाऊ लागले, भिंतीला टेकून बसू लागले. एकच विचारायचे, "आईनं दिलं का?" मी रिकामी वाटी उचलायची. आई उंबऱ्याबाहेर तोंड फिरवून बसलेली असायची. मला तिचा राग यायचा, अजूनही येतो.

निजामाचं राज्य गेलं त्या भाद्रपदात गावात मुसलमानांची घरं भीतीनं रिकामी झाली. खालाच्या दाराला कुलूप लागलं. ती जगली की नाही, कुणी सांगितलं नाही आणि विचारायला मी धजले नाही. तिच्या कोंबड्या कुणीतरी नेल्या. अंडी बंद झाली आणि मालकांनी पुन्हा अंथरूण धरलं.

एका सकाळी सासूबाई बाहेर गेल्या आणि पदराखाली झाकून एक अंडं घेऊन आल्या. कुणाकडून आणलं ते बोलल्या नाहीत. सरळ आपल्या चुलीशी बसल्या, थंड पाणी घेतलं आणि उघड्या हातानं अंडं आत ठेवलं.

"किती येळ ठिवू गं?"

"उकळी आली की तीन भाकरी होस्तोवर."

त्यांनी शेजारच्या तव्यावर तीन भाकरी केल्या. साल सुरेख निघाली. मिठाचा कण लावून त्यांनी घास लेकाच्या ओठांशी नेला. मालकांनी आईच्या बोटांकडे पाहिलं, हसायला गेले. पण घास आता उतरत नव्हता. दिवेलागणीच्या आत ते गेले.

सुतक फिटल्यावर मी चूल सारवत होते. सासूबाई जवळ येऊन बसल्या. त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या.

"एवढंच व्हतं का गं ते?" त्यांनी विचारलं. "पान्यात ठिवायचं, एवढंच?"

"व्हय, आत्याबाई," मी म्हणाले. "एवढंच व्हतं."